मेजरसाबांच्या थापांनी कुणाचं काय बिघडतं?

"छोडो ना सर, बुढा आदमी है. किसका क्या बिगड रा?"

कबरस्तानाच्या फाटकाबाहेर चार जणांनी मला हे सुनावलं. त्यानंतर मशिदीच्या पायऱ्यांवर, टपरीवर आणि आमच्या शाळेच्या स्टाफरूममध्येही हेच ऐकून घेतलं. माझा गुन्हा एवढाच की मी एका वयस्कर माणसाला लोकांसमोर एक प्रश्न विचारला. प्रश्न चार शब्दांचा होता: "चाचा, तुमचा नंबर काय?" त्यावरून आमचा मोहल्ला माझ्यावर नाराज आहे. ही नाराजी मला समजते. तरी मला उत्तर द्यायचं आहे, आणि ते त्या म्हाताऱ्या माणसाला कमी आणि "किसका क्या बिगड रा" म्हणणाऱ्या आपल्या सगळ्यांना जास्त आहे.

त्यांना सगळे मेजरसाब म्हणतात. पिळदार मिशा, खाकी स्वेटर आणि खिशाला रंगीत रिबीन. गावातल्या माणसांना ते काही सांगत नाहीत, कारण गाव त्यांना ओळखतं. त्यांचं गिऱ्हाईक नेहमी परकं असतं. एस.टी. स्टँडवर बॅग घेऊन बसलेला मुलगा, सरकारी दवाखान्याच्या रांगेतला शेजारी, लग्नाच्या मांडवातले मुलाकडचे पाहुणे, नव्यानं आलेले इमामसाब. समोरच्याचा अंदाज घेऊन भूतकाळ बदलतो. पोलीस भरतीला निघालेल्या पोराला ते रणगाड्यांची लढाई सांगतात. डॉक्टर भेटला तर ते पलटणीच्या इस्पितळात होते. कुणी क्रिकेटचा शौकीन निघाला तर ते रणजीच्या संघात निवडले गेले होते, पण नेमकं तेव्हाच युद्ध सुरू झालं. मी मास्तर आहे म्हटल्यावर त्यांनी मला सांगितलं होतं की ते जवानांना इंग्रजी शिकवत.

मी त्यांना पहिल्यांदा भेटलो तेव्हा मीही परकाच होतो. २०१३ साली बदली होऊन या गावात आलो. उर्दू शाळा, आठवी ते दहावीला मराठी शिकवायचं, शिवाय नवा आणि तरुण म्हणून सगळे कार्यक्रम माझ्या गळ्यात. २६ जानेवारी २०१४ला प्रमुख पाहुणे कोण, असा प्रश्न आला आणि मी उत्साहानं मेजरसाबांचं नाव सुचवलं. स्टाफरूममधले दोन ज्येष्ठ शिक्षक एकमेकांकडे बघून हसले. बोलले मात्र काहीच नाहीत. त्यांना ठाऊक होतं.

परिचयपत्र मीच लिहिलं. बीएडला शिकलेली सगळी अलंकारिक मराठी त्यात ओतली. मेजरसाब स्टेजवर आले आणि पाऊण तास बोलले. १९६५चं युद्ध, खेमकरणचा भाग, ऊस आणि कापसाची शेतं, समोरून येणारे पॅटन रणगाडे. "कॅप्टन अब्दुल हमीद माझ्या मांडीवर गेले," असं म्हणून त्यांनी रुमाल डोळ्यांना लावला. मुली रडल्या. मीही गहिवरलो. दुसऱ्या दिवशी स्थानिक पेपरात फोटो आला, त्यात त्यांच्या खांद्यावर शाल घालताना मी आहे. तो फोटो आजही माझ्याकडे आहे. फाडावासा वाटतो, फाडत नाही.

कार्यक्रम संपल्यावर खुर्च्या उचलताना शेवटच्या रांगेतले एक गृहस्थ माझ्याजवळ आले. सातवीतल्या एका मुलीचे नाना. मोटारसायकल दुरुस्तीचं छोटं गॅरेज, हाताला कायम ग्रीस. हळूच म्हणाले, "सर, अब्दुल हमीद कॅप्टन नव्हते. हवालदार होते, कंपनी क्वार्टरमास्टर हवालदार. चार ग्रेनेडियर्सचे. आणि ह्यांनी आधी सांगितलं की आपण मराठा पलटणीत होतो. मग हमीदच्या जीपवर हे कसे?" मी गप्प. ते पुढं म्हणाले, "नंबर पूछना था सर. फौजी अपना नंबर कब्र तक नै भूलता."

मग त्यांनी आपला नंबर म्हणून दाखवला. न अडखळता, एका दमात, पाढा म्हणावा तसा. १९६३ साली ते फौजेत भरती झाले होते, गाड्यांचे मेकॅनिक म्हणून. १९६५ आणि १९७१ ही दोन्ही युद्धं त्यांनी बंद पडलेले ट्रक चालू करण्यात घालवली. "गोळी चलाया नै कभी. स्टार्टर चलाया," असं म्हणून ते हसले. गावात हे कुणाला माहीत नव्हतं. त्यांना कुणी विचारलं नव्हतं.

त्या आठवड्यात मी मतदार यादी पाहिली. मेजरसाबांचं वय बघून हिशेब केला. १९६५ साली ते चौदा वर्षांचे होते. पुढं विचारपूस केल्यावर कळलं की ऐन तारुण्यात ते एका ठेकेदाराच्या ट्रकवर क्लीनर होते. तो ट्रक छावणीत भाजीपाला पोहोचवायचा. फौजेशी त्यांचा संबंध एवढाच.

आता मी काय केलं ते सांगतो. काहीच केलं नाही. शाळेची बदनामी होईल, माझी फजिती होईल, म्हातारा माणूस आहे. "किसका क्या बिगड रा" हे वाक्य तेव्हा मी स्वतःच स्वतःला ऐकवलं.

काय बिघडलं ते काही महिन्यांनी माझ्याच वर्गात दिसलं. ती मुलगी आता आठवीत आली होती. निबंधाचा विषय "माझे आजोबा". तिनं आपल्या नानांवर लिहिलं होतं आणि मी तिला उभं राहून वाचायला सांगितलं. "माझे नाना भारतीय सैन्यात होते," हे पहिलं वाक्य वाचलं आणि वर्ग खदखदून हसला. एक पोरगा ओरडला, "तेरे नाना भी मेजर?" एव्हाना मेजरसाबांचं गुपित पोरांपर्यंत पोहोचलं होतं. मोहल्ल्यातल्या म्हाताऱ्यांनी फौजेच्या थापा मारायच्या असतात, एवढाच धडा त्यांनी त्या प्रजासत्ताक दिनातून घेतला होता. मुलगी दुसरं वाक्य न वाचता खाली बसली. मी वर्गाला दटावलं, पण हा निबंध खरा आहे आणि आपण शाल घातली तो खोटा, हे सांगितलं नाही. सांगितलं असतं तर माझं परिचयपत्रही उघडं पडलं असतं.

तर हे बिघडतं. थाप मारणारा हवेतून काही निर्माण करत नाही. तो दुसऱ्याच्या खात्यातून उचलतो. ज्यानं खरोखर काम केलं, त्याच्या शब्दाची किंमत थापाड्या खर्च करतो. नाना सैनिक होते हे सिद्ध करण्याचा बोजा मेजरसाबांवर नाही, नानांच्या नातीवर पडला.

बचावाचे तीन मुद्दे मला नेहमी ऐकवले जातात. एकेक घेऊ.

पहिला: म्हातारा माणूस आहे, गरीब आहे, त्याला तेवढंच सुख. मान्य. पण हीच सवय तरुणपणी कशी दिसते तेही बघा. मुलगा दुबईत इंजिनिअर आहे म्हणून रिश्ता ठरतो, वलीमा होतो, आणि सहा महिन्यांनी मुलीला कळतं की तो एसी बसवणाऱ्याचा हेल्पर आहे. हेल्पर असणं वाईट नाही. त्या मुलीनं कदाचित हेल्परशीही आनंदानं निकाह केला असता. पण तिला निवडायची संधीच दिली नाही. अशा वेळीही मोहल्ला हेच म्हणतो, आता झालं ते झालं. थाप निरुपद्रवी तोवरच असते, जोवर तिच्यावर विसंबून कुणी काही करत नाही. आणि माणसं एकमेकांच्या बोलण्यावर विसंबूनच जगतात.

दुसरा: खोटं असलं तरी त्यानिमित्तानं अब्दुल हमीदांचं नाव पोरांपर्यंत पोहोचलं ना? हा मुद्दा जुना आहे आणि फार मोठ्या माणसांनी वापरलेला आहे. स्पेनमध्ये एन्रिक मार्को नावाचे एक गृहस्थ होते. आपण नाझींच्या फ्लोसेनबर्ग छळछावणीतून वाचलो, असं ते सांगत. वर्षानुवर्षं त्यांनी शाळाशाळांतून भाषणं दिली. छळछावण्यांतून परतलेल्या स्पॅनिश लोकांच्या संघटनेचे ते अध्यक्ष झाले. २००५च्या जानेवारीत त्यांनी स्पेनच्या संसदेत भाषण केलं. त्याच वर्षी मे महिन्यात बेनितो बेर्मेखो या इतिहासकाराच्या संशोधनामुळं सगळं उघड झालं. मार्को त्या छावणीत कैदी नव्हतेच. १९४१ साली ते जर्मनीत कामगार म्हणून स्वतःहून गेले होते. त्यांनी काय बचाव केला? मी खोटं बोललो, पण चांगल्या कामासाठी. माझ्यामुळं लोकांनी खऱ्या पीडितांचं दुःख ऐकलं. पण त्याच संघटनेत खरोखर छळ सोसलेली म्हातारी माणसं हयात होती. त्यांना काय वाटलं असेल? आणि छळछावण्या झाल्याच नाहीत म्हणणाऱ्यांना यापेक्षा मोठी भेट कोणती? शाळेतल्या त्या हसण्यानंतर बऱ्याच वर्षांनी मी मार्कोबद्दल वाचलं, तेव्हा मला बार्सिलोना दिसलं नाही. आमच्या शाळेचं स्टेज दिसलं.

तिसरा मुद्दा खास आपला आहे, आणि तो कुजबुजत सांगितला जातो. "सर, आपल्या लोकांची आधीच बदनामी चालते. जरा मोठेपणा सांगितला तर काय? लोक आपल्याला गद्दार म्हणतात, एक मेजर दाखवला तर तोंडं बंद होतात."

इथं मला दोन्ही बाजूंशी भांडायचं आहे. उठसूट आमच्याकडं देशप्रेमाचा पुरावा मागणाऱ्यांना सांगतो की तुमचा प्रश्नच बेशरम आहे. ज्या घरातून कुणी फौजेत गेलं नाही तेही घर याच देशाचं आहे. ट्रकवरचा क्लीनर, गॅरेजवाला, विडी वळणारी बाई, यांनी कुणाला दाखला दाखवायचा नाही. आणि माझ्या माणसांना सांगतो की बेशरम प्रश्नाला खोटं उत्तर दिलं की प्रश्न विचारणारा जिंकतो. तो एक मेजर खोटा ठरवतो आणि मग ब्रिगेडियर उस्मानांपासून अब्दुल हमीदांपर्यंत सगळ्यांवर बोट ठेवतो.

आणि हे घडून गेलंय. फातिमा शेख यांचं उदाहरण घ्या. सावित्रीबाईंनी नायगावहून १० ऑक्टोबर १८५६ रोजी जोतीरावांना लिहिलेल्या पत्रात फातिमाचा उल्लेख आहे. आपल्या गैरहजेरीत तिच्यावर कामाचा भार पडला असेल, पण ती कुरकुर करणार नाही, अशा आशयाचा. एक ओळ, पण किती मोठी. सोबत काम करणाऱ्या बाईनं दिलेला तो कामाचा दाखला आहे. मला त्याहून जास्त काही नको होतं. पण आपल्याला नको तेवढं हवं होतं. आपण जन्मतारीख बसवली, ९ जानेवारी. पदव्या दिल्या, भाषणं दिली, चरित्राच्या रिकाम्या जागा भरल्या. २०२२ला गूगलनं त्याच तारखेला डूडल केलं. मीही शाळेत त्या दिवशी निबंध स्पर्धा घेतली आणि तारखेला आधार काय, हे विचारलं नाही. मग जानेवारी २०२५मध्ये एका पत्रकारानं जाहीर केलं की फातिमा शेख हे पात्र मीच रचलं. ते पत्र पुढं करून अभ्यासकांनी त्यांना उत्तर दिलं, म्हणून बरं. पण असा दावा करायची हिंमत कशामुळं झाली? एका खऱ्या ओळीभोवती आपण उभी केलेली सजावट पोकळ होती म्हणून. एक बाई होती, तिनं दीडशे वर्षांपूर्वी मुली शिकवल्या, आणि आपल्याच उत्साहानं तिला "होती की नव्हती" या वादात उभं केलं.

मी आलिम नाही, शाळामास्तर आहे. पण हे माझ्या मुद्द्याच्या इतकं जवळचं आहे की सांगायलाच हवं. सूरह आले-इमरानमध्ये, न केलेल्या कामासाठी वाहवा व्हावी अशी आस धरणाऱ्यांना सरळ इशारा आहे. हजरत अस्मांनी सांगितलेल्या एका हदीसमध्ये, जे मिळालंच नाही ते मिळाल्याचा आव आणणाऱ्याची तुलना अंगावर खोटे कपडे घालणाऱ्याशी केलेली आहे. तो प्रसंग अगदी घरगुती होता. नवऱ्यानं न दिलेल्या वस्तू दिल्यात, असं सवतीला दाखवलं तर चालेल का, असा एका बाईचा प्रश्न होता. म्हणजे ज्या खोट्याला आपण किरकोळ म्हणतो, नेमकं तेच. आणि ज्या उम्मतीच्या विद्वानांनी प्रत्येक हदीसमागची सनद तपासली, रावी कोण, कुणाकडून ऐकलं, स्मरण कसं, बोलणं खरं का, यावर ग्रंथच्या ग्रंथ लिहिले, त्या उम्मतीत आज "तुम्हाला हे कुणी सांगितलं?" असं विचारलं तर लोक म्हणतात, सर, तुम्ही बेअदब आहात.

आता कबरस्तानाकडे येतो. या थंडीत नाना वारले. जनाज्याला तीसेक माणसं असतील. नांदेडहून त्यांचे काही नातलग आले होते, गावाला नवखे. दफन झाल्यावर फाटकाबाहेर मेजरसाब त्यांच्यात उभे राहिले आणि खांद्यावर हात ठेवून सांगू लागले, "हम दोनो एक ही पलटण में थे. पैंसठ में मैंने ही बचाया था इनको." मागं नानांची ती नात उभी होती. आता तिशीकडे निघाली आहे, कडेवर मूल आहे. ती माझ्याकडे बघत होती. काही बोलली नाही. अकरा-बारा वर्षांपूर्वी वर्गातही बोलली नव्हती.

तेव्हा मी तो प्रश्न विचारला. "चाचा, तुमचा नंबर काय?"

मेजरसाब गप्प झाले. मग "उम्र हो गई सर, याद नै रैता" असं काहीतरी पुटपुटून निघून गेले. लोक म्हणाले, आजच्या दिवशी हे बरं दिसलं का? मी म्हणतो, माझी जागा चुकली असेल, प्रश्न अकरा वर्षं उशिरा आला. पण एका मेलेल्या माणसाची नोकरी त्याच्या कबरीवरची माती ओली असताना चोरली जात होती, आणि तुम्हाला बेअदबी माझ्या प्रश्नात दिसली?

दोन दिवसांनी मी मेजरसाबांच्या घरी गेलो. जागेबद्दल माफी मागितली, प्रश्नाबद्दल नाही. बराच वेळ ते बोललेच नाहीत. मग मी विचारलं, "चाचा, ट्रकवर असताना कुठकुठं फिरलात?" आणि माणूस उलगडत गेला. रात्री घाट चढताना चाकामागं लावायची लाकडी उटी घेऊन ट्रकबरोबर पळायचं, ब्रेक तापले की पाणी मारायचं, कोबी सडू नये म्हणून पोती कशी रचायची, ड्रायव्हरला डुलकी लागू नये म्हणून रात्रभर गाणी म्हणायची. एकदा उताराला ब्रेक गेले तेव्हा यांनी उडी मारून उटी लावली आणि दोन बोटं गमावली. ती बोटं मी इतकी वर्षं पाहत होतो. ती छऱ्यानं गेली, असं ते सांगत.

मी म्हटलं, "चाचा, हे का नाही सांगत?"

ते म्हणाले, "सच किसकू होना सर? ट्रक के क्लीनर कू स्टेज पे कौन बुलाता? आप बुलाते थे?"

याला माझ्याकडं उत्तर नव्हतं. नसतं बोलावलं. परमवीरचक्र मिळालेले अब्दुल हमीद शिंप्याच्या घरातले होते, हे आपण कौतुकानं सांगतो. पण मोहल्ल्यातल्या शिंप्याला आपण कधी शाल घातली आहे? आपल्याला मेजर लागतो, इंजिनिअर लागतो, निदान हाजी तरी लागतो. अशा बाजारात माणसं खोटा माल आणणारच. म्हणून मेजरसाबांचा निम्मा दोष मी स्वतःकडं आणि तुमच्याकडं घेतो. निम्माच. बाकीचा त्यांचा आहे, कारण त्याच गल्लीत, त्याच गरिबीत राहून नानांनी एकही थाप मारली नाही.

मी कुणाची जाहीर फजिती करायला सांगत नाही. फक्त साधे प्रश्न विचारा. कुठल्या साली? कुठल्या गावी? सोबत कोण होतं? खऱ्या माणसाला असे प्रश्न आवडतात, तो तासभर बोलतो. शाळेत पाहुणा बोलवायच्या आधी जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात एक फोन करा. मी केला नव्हता. जयंतीचा मेसेज पुढं ढकलण्याआधी विचारा, कशावरून? आणि घरात अब्बा, नाना, फुफी यांनी हातांनी काय काम केलं ते मुलांना खरं खरं लिहून काढायला लावा.

नानांची डिस्चार्ज बुक नातीनं मला दाखवली. ट्रंकेत, रुमालात गुंडाळलेली. सोबत १९६५चं रक्षा मेडल आणि १९७१चं संग्राम मेडल. पहिल्या पानावर नंबर. त्यांनी मला म्हणून दाखवला होता तोच.

येत्या २६ जानेवारीला नानांच्या नातीनं तो जुना निबंध दुसऱ्या वाक्यापासून वाचावा, आणि मेजरसाबांनी स्टेजवर येऊन फक्त ट्रकच्या गोष्टी सांगाव्यात, असं मी हेडमास्तरांना सुचवलं आहे. नातीनं होकार दिला. मेजरसाब विचार करतो म्हणाले. हेडमास्तर म्हणाले, "सर, क्लीनर को चीफ गेस्ट? लोक हसतील."